गुप्तहेराची खोली कोणी आवरली?

बाहेर टळटळीत ऊन होतं आणि आत मध्यरात्र उलटून गेली होती. पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमध्ये शिरणाऱ्याला क्षणभर चौकट धरून उभं राहावं लागे, नाहीतर वायरींत पाय अडकून मध्यरात्रीच्या पहिल्याच मिनिटाला नाक फुटायचं. डोळे सरावले की मग हळूहळू दिसायला लागे ती गुप्तहेराची खोली. तीन भिंतींची. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा, खुर्च्या आणि श्वास रोखून बसलेली माणसं.

खोली म्हणजे निव्वळ उकिरडा होता, आणि तो तसा दिसावा म्हणून कला विभागाच्या माणसाने जिवाचं रान केलं होतं. टेबलावर त्याने चाळणीने माती चाळून धूळ बसवली होती, तीही अशी एकसारखी की युनिटमध्ये त्याचं नावच धूळमास्तर पडलं होतं. अ‍ॅशट्रेत थोटकांचा डोंगर. खुर्चीच्या पाठीवर फेकलेला लांब कोट. भिंतीवर गुप्तहेराचा आणि त्याच्या मेलेल्या भागीदाराचा फोटो, एका बाजूला कललेला. खिडकीला आडव्या पट्ट्यांचा पडदा. खिडकीबाहेर शहर नव्हतंच, एक भलामोठा दिवा होता. त्या दिव्याचा उजेड पट्ट्यांमधून आत घुसायचा आणि टेबल, भिंत, माणसाचं तोंड, सगळ्यावर काळे-पांढरे पट्टे ओढायचा. खोलीत जो कोणी येईल तो आपोआप गजाआड गेल्यासारखा दिसे.

"हे न्वार आहे," दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. "न्वार म्हणजे काळा. इथे चांगलं कोणी नाही. गुप्तहेर थकलेला, नायिका दगाबाज, मित्र विकला गेलेला आणि रस्ते ओले."

"रस्ते ओले कशाला?" धूळमास्तरने विचारलं. त्याला ओल्याचं वावडं होतं.

"ओल्या रस्त्यावर एक दिवा दोनदा दिसतो."

एका दिव्याच्या भाड्यात दोन दिवे, हे निर्मात्याला मात्र सांगताक्षणी पटलं होतं. दिग्दर्शकाला तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठीमागे धूर, कारण दर शॉटआधी तो "धूर! अजून धूर!" म्हणून ओरडायचा आणि मग स्वतःच खोकत बसायचा.

या सगळ्या काळोखात एका उंच स्टुलावर, गळ्यात कॅमेरा अडकवून, बसलेली असे घार. नाव तिला कॅमेरावाल्या मामांनी दिलं होतं. सिनेमा पडद्यावर सलग दिसतो, पण घडतो तुकड्या-तुकड्यांनी, तेही उलटसुलट. गुप्तहेर आज दाराकडे निघतो आणि दार उघडतो पुढच्या आठवड्यात. मधल्या काळात त्याने केस कापले, सर्दी आणली, बायकोशी भांडला, तरी पडद्यावर तो त्याच पावलावर तसाच हवा. सिगारेट अर्धी असेल तर अर्धी, टोपी डावीकडे झुकली असेल तर डावीकडे. हे सातत्य राखणं घारीचं काम. प्रत्येक शॉटनंतर ती सेटचे फोटो काढायची, पण खरा भरवसा तिच्या डोळ्यांवर. नटाने एकदा मधल्या सुट्टीत बूट बदलले होते. टेबलामागे बसला होता, पाय दिसत नव्हते. तरी घार म्हणाली, "तुम्ही आज उंच बसलाय." त्याची टाचच उंच निघाली.

पण ती घार वेगळी. मधे बाळंतपण झालं. आता सहा महिन्यांचं बाळ, रात्रीची तुटकी झोप आणि सगळ्यांचं तेच तेच ऐकून घ्यायचं: बाळंतपणानंतर बायकांचं डोकं जरा चाळणी होतं हो. नवराही परवा हसत म्हणाला होता, "तू चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतेस, आणि लोकांच्या सिगारेटी मोजायला निघालीस?" तो गमतीने म्हणाला. तिने मनाला लावून घेतलं.

कामावर परत घेताना साहेबाने आडपडदा ठेवला नव्हता. "बाळ आण, सासूबाईंनाही आण, मेकअपची खोली मोकळी असते. पण बाहेरचं माणूस सेटवर फिरकता कामा नये. आणि एक चूक झाली ना, तर नवी तयार आहे." नवी म्हणजे त्याची सहायक, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, कागद अडकवलेल्या पाटीवर पेन्सिल टेकवून कायम हसरी. घारीला ते हसणं कधीच आवडलं नव्हतं.

तर असं होतं सगळं. आणि चौथ्या आठवड्यात, एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, घारीने सेटवर पाऊल ठेवलं आणि ती टेबलापाशीच थबकली.

अ‍ॅशट्रे रिकामा होता. नुसता रिकामा नाही, चकचकीत.

सुट्टीत सेटला कोणी हात लावत नाही. दोरी बांधलेली असते, पाटी लावलेली असते, चहावालासुद्धा कप घेऊन लांबून वळसा घालतो. घारीने इकडे-तिकडे पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. तिने धूळमास्तरला बाजूला घेतलं.

"थोटकं कुठे गेली?"

"माझी थोटकं!" तो किंचाळणारच होता, तिने त्याच्या तोंडावर हात धरला. "अहो, मी ती स्वतः चिरडली होती. हाताने. एकेक."

"पुन्हा चिरडा. आणि हळू बोला."

फोटो बघून दोघांनी थोटकांचा डोंगर पुन्हा रचला. वरचं मोडकं थोटूक पूर्वेला तोंड करून होतं, ते तसंच ठेवलं. शॉट पार पडला. घारीच्या मनातून मात्र ते सुटत नव्हतं. शेवटच्या शॉटनंतर आपणच तर नाही ना रिकामा केला? तिला आठवत नव्हतं. आणि आठवत नाही हेच तर आठवत राहिलं.

संध्याकाळी मेकअपच्या खोलीत सासूबाई बाळाचे लंगोट घड्या घालत बसल्या होत्या. त्यांच्या घड्यांचे कोपरे असे जुळत की पट्टी लावून बघावं.

"आई, आज त्रास दिला का हो?"

"कोणी? यानं? छे! गुणी बाळ आहे. हूं नाही की चूं नाही."

घारीने बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितला. दिवसातून किती वेळा ती हे करायची, तिचं तिलाच माहीत.

"चालू आहे," सासूबाई म्हणाल्या. "मघाशीच बघितला मी."

दुसऱ्या दिवशी कोट. खुर्चीच्या पाठीवर कसाही फेकलेला तो कोट नीट घडी करून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेला, वर बटणं लावलेली. आणि टेबलावरची धूळ साफ. धूळमास्तर खाली बसला. एखाद्याचं घर वाहून जावं तशी त्याची अवस्था.

"हे कोणीतरी मुद्दाम करतंय," तो कुजबुजला.

घारीलाही तेच वाटत होतं. आणि मग ज्या नजरेने ती सिगारेटी बघायची, त्याच नजरेने ती माणसं बघायला लागली. त्या पट्ट्यांच्या उजेडात बसून बसून माणसाला तसंच दिसायला लागतं. नवी दर सुट्टीत गायब होते, कुठे? नायिका, जी पडद्यावर तिघांना विष पाजणार होती, ती परवा टेबलाजवळ रेंगाळत का होती? मामा आजकाल डोळ्याला डोळा का देत नाहीत? घारीच्या डोक्यात आपोआप सिनेमातल्यासारखा दाटलेला आवाज बोलायला लागला: त्या खोलीत प्रत्येकाकडे कारण होतं. आणि झोप फक्त तिला नव्हती.

तिने आधी नायिकेला गाठलं. नायिका मेकअपच्या खुर्चीत पाय वर घेऊन, लालभडक नखांनी मोज्याचं भोक शिवत होती.

"मॅडम, परवा तुम्ही सेटवर टेबलाजवळ काय बघत होता?"

"पाल," नायिका म्हणाली. सुई हवेत थांबली. "टेबलाखाली होती. गेली का गं? मला त्या खोलीत पाऊल टाकायला भीती वाटते. पिस्तूल चालवायचंय, ते चालवते. पाल नको."

"थोटकांना हात नाही लावला?"

"ई! थोटकं कशाला लावू हात? मला दम्याचा त्रास आहे. धूरसाहेबांना माहीत नाही, सांगू नकोस हं."

ही झाली दगाबाज नायिका. संशयितांमधून नाव कमी.

नवीला विचारायची गरजच पडली नाही. संध्याकाळी चहाच्या सुट्टीत ती शेडमागे फोनवर रडताना सापडली, आणि घारीला बघून हसली. ते हसणं म्हणजे तिचं रडू लपवायची सवय होती हे तेव्हा घारीच्या लक्षात आलं, आणि तिला उगाच ओशाळल्यासारखं झालं. तरी पाटी तिच्या काखेत होतीच, आणि पाटीवर पेन्सिल.

मग घारीने सापळा लावायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सुट्टी झाली, माणसं उन्हात पांगली, दिवे विझले. मामांनी खिडकीमागचा मोठा दिवा तेवढा चालू ठेवला होता, तो थंड झाला की पुन्हा तापायला वेळ घेतो म्हणून. घार दोरीखालून वाकून आत शिरली आणि गुप्तहेराच्या कपाटात जाऊन उभी राहिली. कपाटाला पाठ नव्हती, आत रंगाचा वास होता, आणि दाराच्या फटीतून खोली दिसत होती. पोटात भूक, डोक्यात भणभण. आत्ता बाळ काय करत असेल? झोपलं असेल. गुणी बाळ.

पावलं वाजली.

आधी सावली आली. भिंतीवर पसरत पसरत छताला टेकली. रुंद काठांची टोपी. टोपीखाली खांदा, आणि एका खांद्यावर भलंमोठं कुबड. सावली टेबलापाशी थांबली. कुबड हललं. कुबडाला दोन छोटे हात फुटले, आणि त्या हातांनी टोपी खेचली.

"सोड. सोड रे सोन्या, तुझ्या आईची आहे ती."

कपाटात घारीने डोळा फटीला लावला.

टोपी तिचीच होती, उन्हातली. आणि टोपीखाली सासूबाई होत्या. त्यांनी बाळाला खिडकीकडे तोंड करून खांद्यावर घट्ट धरलं. पट्ट्यांचा उजेड बाळाच्या तोंडावर पडला, आणि बाळाने आऽऽ केला. अगदी शांत, डोळे विस्फारून, काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर बघत राहिलं.

"आले बघ तुझे पट्टे," सासूबाई म्हणाल्या. "आता गप्प. सकाळपासून घसा फाडलायस. त्या मेकअपवालीने कानात कापूस घातला तुझ्यापायी. आणि आईला काय सांगायचं? गुणी बाळ आहे. काल गुणी होतं, परवा गुणी होतं. खोटं बोलून बोलून माझी जीभ झिजली." त्यांनी मोकळ्या हाताने कोट उचलला, झटकला. "पण खरं सांगितलं तर ती उद्या काम सोडेल, घरी बसेल आणि दिवसभर तुझा श्वास मोजेल. तिचं डोकं फिरेल, मग ती माझं फिरवेल. त्यापेक्षा हे बरं ना? हो म्हण. शी! बघ, पुन्हा उकिरडा. काल आवरलं, आज पुन्हा तेच. जगाचे गुन्हे शोधतो मेला, स्वतःच्या टेबलावरचं दिसत नाही."

बाळाच्या दुपट्याने त्यांनी टेबल पुसायला घेतलं. गोल गोल, कोपऱ्यातून मध्याकडे.

कपाटात घारीला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही आवाज करतात म्हणून तिने ओठ दातांत धरले होते. तीन दिवस तिने स्वतःला वेडी ठरवलं होतं. आणि ही घरातली गुन्हेगार, तिच्याच टोपीत.

"एवढा फोटो तेवढा राहिलाय बाई सरळ," सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या. "काल केला होता ना आपण? तेवढं तरी कोणी बिघडवलं नाही."

घारीचं हसू जागच्या जागी गोठलं.

फोटो! तिने फटीतून पाहिलं. फोटो सरळ होता. काल सकाळी तो कललेला होता आणि त्याखाली गुप्तहेराने अर्धं भाषण केलं होतं, भागीदाराच्या मरणाचं. उरलेलं अर्धं जेवणानंतर. कोट पुन्हा फेकला, धूळ बसवली, थोटकं रचली, आणि फोटो? तिला नेमकं आठवलं आता. ती भिंतीकडे बघणार तेवढ्यात लांबून रडण्याचा आवाज आल्यासारखा वाटला होता, आणि तिची नजर दाराकडे गेली होती. नंतर ती स्वतःला म्हणाली होती, भास झाला, आपलं बाळ गुणी आहे.

अर्ध्या प्रसंगात फोटो वाकडा, अर्ध्यात सरळ. आणि गुप्तहेराचं काम कालच संपलं होतं. आज सकाळी दुसऱ्या सिनेमासाठी त्याने मिश्या उतरवल्या होत्या.

"कोण आहे तिथे? हलू नका!"

दारात साहेब उभा होता, मागे मामा, त्यांच्यामागे नवी. सासूबाई दुपटं धरून जागच्या जागी थिजल्या.

"मामा, दिवा हलवू नका," साहेब भारावून म्हणाला. "ही सावली बघा. ही टोपी! हे कुबड! तीन आठवडे मी हेच मागतोय ना तुमच्याकडे?" मग तो दोन पावलं पुढे आला आणि त्याचा आवाज बदलला. "काकू?"

"मी..." सासूबाई म्हणाल्या, "बाळाचं दुपटं शोधत होते."

दुपटं त्यांच्या हातात होतं आणि मातीने काळं झालं होतं.

न्वारमध्ये अशा वेळी लपलेला माणूस लपलेलाच राहतो. दुसऱ्याला पकडू देतो आणि टोपी सरळ करून मागच्या दाराने निघून जातो. कपाटाला तर पाठच नव्हती. घारीने मागे एकदा बघितलंही. मग कपाटाचं दार उघडून ती बाहेर आली.

"त्या माझ्यासाठी आल्या, साहेब. चूक माझी आहे."

साहेबाने आधी तिच्याकडे, मग कपाटाकडे बघितलं. "अजून कोणी आहे आत? नवऱ्याला पण आणलंयस?"

"तीन दिवस आवरतेय मी," सासूबाईंनी तोंड उघडलं ते उघडलं. "तिला बिचारीला काही माहीत नाही. मूल रडतं हो, आणि इथे आलं की गप्प होतं. त्याला हे पट्टे आवडतात. आता खोली इतकी घाण असली की हात नाही थांबत माझे, त्याला मी काय करू?"

बाळाने पट्ट्यांकडे बघून एक हुंकार दिला. मामा हसले. साहेबही हसता हसता राहिला. त्याने डोकं खाजवलं.

"बरं. जाऊ दे. आवरलेलं पुन्हा पसरू, आहे काय आणि नाही काय. काकू, पुन्हा इथे यायचं नाही. घार, तू हात-तोंड धुऊन ये."

संपलं होतं. इतकं सोपं होतं. फोटोचं कोणालाही माहीत नव्हतं. कळलं असतं तर महिन्या-दोन महिन्यांनी, तुकडे जोडताना, आणि तेव्हा कोण कोणाला धरणार? या सिनेमात तर सगळेच खोटं बोलतात. घारीने भिंतीकडे पाहिलं. भागीदार फोटोतून सरळ उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"साहेब, अजून एक," ती म्हणाली. आवाज तिचाच आहे का, तिला शंका आली. "काल दुपारचा प्रसंग जुळत नाही. फोटो. सकाळी कललेला होता, दुपारी सरळ. माझ्या नजरेतून सुटला."

साहेबाने भिंतीकडे पाहिलं.

"भाषणाचा प्रसंग?"

"हो."

"आणि त्याने मिश्या काढल्या."

"हो."

साहेब खुर्चीत बसला. ओरडला नाही, तेच वाईट होतं. "तो फोटो मी स्वतः वाकडा केला होता," तो म्हणाला. "माणूसच वाकडा आहे म्हणून." मग मान न वळवता: "नवी, उद्यापासून सातत्य तू बघ."

नवी हसली. म्हणजे तिलाही रडू येत होतं.

घारीने गळ्यातला कॅमेरा काढला. पट्टा केसांत अडकला, तो तिने ओढून सोडवला. सासूबाईंनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पुढे झाल्या.

"अहो, फोटो मी सरळ केला. माझ्या या हाताने. तिला कशाला घालवता?"

"काकू, मला कळलं तुम्ही केला. सिनेमा बघणाऱ्याला कसं कळणार?"

"एक मिनिट," घार म्हणाली.

ती बोलली तेव्हा तिला स्वतःलाही माहीत नव्हतं पुढे काय बोलणार. फक्त डोळ्यांसमोर दोन शॉट होते, एक वाकडा, एक सरळ, आणि मधली रिकामी जागा. रिकाम्या जागा भरायचं तर तिचं काम.

"सकाळी फोटो वाकडा. गुप्तहेर जेवायला बाहेर जातो. परत येतो, फोटो सरळ. म्हणजे मधे कोणीतरी खोलीत येऊन गेलं."

"कोण?" साहेबाने विचारलं. सवयीने.

"ते गुप्तहेराला माहीत नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही, तो आपल्याच दुःखात बोलतोय. पण बघणाऱ्याला माहीत आहे. त्याने हात बघितलाय. नुसता हात. येतो, फोटो सरळ करतो, जातो."

साहेब हळूहळू उठला. त्याचे डोळे असे झाले की मामांनी न सांगता कॅमेऱ्यावरचं कापड काढलं.

"बाईचा हात," साहेब म्हणाला. "काळा हातमोजा. आणि तो बोलतोय, बोलतोय, आणि बघणाऱ्याला माहीत आहे की इथे कोणीतरी येऊन गेलंय... धूर! अजून धूर!"

नायिकेला आज सुट्टी होती आणि ती गावाला गेली होती. नवीचा हात नायिकेच्या काळ्या मोज्यात घातला तर तो इतका कापला की फोटो खाली पडून काच फुटली असती. मेकअपवालीच्या मनगटाशी मोजा अडला. धूळमास्तरने आशेने आपला पंजा पुढे केला, त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही. मग सगळ्यांच्या नजरा एकदमच एका हाताकडे वळल्या, जो अजून मातीचं दुपटं धरून होता.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "काहीतरीच. मला नाही येत बाई ते नाटक."

"नाटक नाही काकू. फोटो वाकडा आहे. सरळ करायचा."

"एवढंच?" मोजा त्यांच्या हातावर सुळकन चढला. "मग त्यात सांगायचं काय?"

बाळ घारीच्या कडेवर आलं. कॅमेरा फिरू लागला. पट्ट्यांच्या उजेडातून काळा हात भिंतीवर सरकला, फोटोच्या कोपऱ्याला लागला, आणि एका बोटाने, जराही घाई न करता, त्याला सरळ केलं. साहेब "कट" म्हणणार तेवढ्यात हात थांबला. मधलं बोट चौकटीच्या वरच्या काठावरून हळू फिरलं. उजेडात वळलं. काळ्या मोज्याच्या टोकावर मातकट धूळ. अंगठ्याने बोटावरची धूळ चोळली, अगदी सावकाश, जणू कोणाचा तरी हिशोब मनात पक्का करून ठेवतोय. मग हात निघून गेला.

मामा डोळा न काढता म्हणाले, "घशाला कोरड पडली राव."

"काकू," साहेब कुजबुजला, "हे धुळीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? धूळ होती."

"पुन्हा एकदा घेऊ. अगदी असंच."

"असंच कसं घेणार? आता कुठे धूळ आहे? पुसली ना मी."

धूळमास्तर चाळणी घेऊन धावला. इतका सुखी तो महिन्यात दिसला नव्हता. दुसऱ्यांदा हात आला, फोटो सरळ झाला, बोट काठावरून फिरलं.

"आई, मघाशी मधलं बोट होतं," काळोखातून घार म्हणाली. "आत्ता तुम्ही पहिलं वापरलं. आणि मघाशी मनगट आतल्या बाजूला वळलं होतं."

"घरीसुद्धा अशीच आहे हो ही," सासूबाईंनी सगळ्या युनिटला ऐकवलं. "चमचा उजवीकडे ठेवला होता म्हणते."

तिसऱ्यांदा सगळं जुळलं. साहेब उठला आणि येरझाऱ्या घालायला लागला, म्हणजे त्याच्या डोक्यात सिनेमा वाढत होता. हाच हात खणातून पिस्तूल काढेल. हाच हात टेलिफोनची वायर कापेल. नायिकेवर सगळ्यांचा संशय आणि हात मात्र भलत्याच बाईचा. शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही कोणाचा! घारीने कॅमेरा नवीच्या हातात दिला आणि दाराकडे निघाली.

"तू कुठे चाललीस?" साहेब म्हणाला.

"घरी. तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो तेव्हा फोटो जुळत नव्हता. आता जुळतोय. आणि हा हात आता प्रत्येक प्रसंगात घुसवायचा म्हणजे सगळं मागचं-पुढचं तपासावं लागणार. ते काय नवी करणार?"

"नको, मी नको," नवी घाईघाईने म्हणाली. "मला तर फोटो वाकडा होता हेही माहीत नव्हतं." आणि तिने कॅमेरा घारीच्या गळ्यात परत अडकवला. या वेळी ती खरोखर हसत होती.

घारीने डोळे मिटले. बाळाच्या डोक्याचा वास घेतला. आपण अजून आहोत, इतकंच तिला त्या क्षणी वाटलं, आणि तेवढं पुरेसं होतं. मग साहेबाचं पुढचं वाक्य कानावर आलं.

"काकू, उद्या सकाळी लवकर. दिवसभर लागाल. मोजा काढू नका, सवय होऊ दे."

घारीने डोळे उघडले.

"दिवसभर? मग बाळाला कोण बघणार?"

साहेबाने मामांकडे बघितलं. मामांनी धूळमास्तरकडे. धूळमास्तर चाळणी बघायला लागला. त्या खोलीत अचानक प्रत्येकजण दुसरीकडे बघत होता. सासूबाई मोज्यातली बोटं उघडझाप करून बघत होत्या.

"आई?"

"मला काय विचारतेस? मला काम आहे," सासूबाई म्हणाल्या. "पिस्तूल काढायचंय."

घार बाळाला घेऊन उन्हात आली. डोळे दिपले, जग पांढरंफटक झालं, आणि त्या पांढऱ्यात तिला एकच माणूस दिसायला लागला. न्वारच्या जगात प्रत्येक गोष्टीत एक भोळा माणूस असतो. गुन्ह्याशी त्याचा काही संबंध नसतो. तो ऑफिसात बसून आपलं काम करत असतो, आणि कुठूनतरी एका बाईचा फोन येतो.

तिने नंबर लावला. पलीकडे नवऱ्याने घाईत "हं, बोल," म्हटलं. घारीने आवाज खाली आणला, अगदी नायिकेसारखा, घशातल्या घशात, मध घातल्यासारखा.

"ऐक ना," ती म्हणाली. "तुझी किती रजा शिल्लक आहे रे?"